डोमाजी शेठ विमानात बसले

डोमाजी शेठ माणसाकडे बघत नसत, माणूस तपासत असत. समोरचा बोलायला लागला की ते त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायचे. तोंड कोणीही सांभाळतं, हात सांभाळता येत नाहीत, असं त्यांचं मत. ऐंशी सालाच्या आगेमागे मी सिहोऱ्याच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले आणि त्यांच्या घरामागची खोली भाड्याने मागायला गेले. त्यांनी माझे हात पाहिले, नेमणुकीचा कागद पाहिला, तो उजेडात धरून मागच्या बाजूनेही पाहिला, आणि म्हणाले, "उद्या या." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "परवा या." तिसऱ्या दिवशी खोली मिळाली. मधल्या काळात त्यांनी हेडमास्तरांना, शाळेच्या शिपायाला आणि मी ज्या एसटीने आले तिच्या कंडक्टरलासुद्धा विचारून घेतलं होतं, की ही बाई खरंच मास्तरीण आहे का. कंडक्टरने बिचाऱ्याने "असन जी" म्हणून टाकलं. तो इतक्या लवकर हो का म्हणाला, याचा संशय शेठांना पुढे सहा महिने पुरला.

घराच्या पुढच्या अंगाला त्यांचं खत-बियाण्याचं दुकान होतं. भोवती सगळा धानाचा मुलूख, त्यामुळे हंगामात दुकानापुढे बैलबंड्यांची रांग लागायची. पोत्यात खुपसून आतला माल बघायची लोखंडी नळी असते, तिला परखी म्हणतात. ती शेठांच्या हातात कायम असायची. वरचा माल पाहून पोतं घेणारा माणूस त्यांच्या लेखी मूर्ख होता. ते पोत्याला वरून, खालून आणि कुशीतून, असं तीनदा भोसकायचे. दाणे तळहातावर घ्यायचे, एक चावायचे, थुंकायचे आणि मग हिशेबाला बसायचे. लोक म्हणायचे, "दानाच्या गाईचे दात पाहू नाई." शेठ म्हणायचे, "मी तं दातच पाह्यतो. गाय मंग पाह्यतो."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. शेठांचं तोंड कधी कशानेही पोळलं नव्हतं, तरी ते ताक फुंकायचे. आणि फुंकायच्या आधी ते भागरथाकाकींना प्यायला लावायचे. भागरथाकाकी म्हणजे त्यांची बायको. घरात कुठलीही नवी गोष्ट आली की पहिला प्रयोग काकींवर. गवळी बदलला की दुधाचा पहिला पेला काकींना. ओसरीत नवा झोपाळा टांगला तर "तू बस आधी." नाल्यावर लोकांनी लाकडाचा ओंडका आडवा टाकून साकव केला, तेव्हा शेठ काठावर छत्री धरून उभे आणि काकी डोक्यावर टोपली घेऊन पुढे. पलीकडे पोचल्यावर काकींनी मागे वळून नुसती मान हलवायची, मग शेठ निघायचे. सारं गाव याला हसायचं. मीही हसायची. काकींना हसताना मात्र मी पाहिलं नाही, आणि ते माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला, याची मला आज लाज वाटते.

दुसरी सवय कागदाची. ज्या कागदावर आपलं नाव आहे तो काम झाल्याबरोबर ते चार तुकडे करून चुलीत घालायचे. लग्नपत्रिकेचं पाकीट, एसटीने पाठवलेल्या पार्सलची पावती, काहीही. "नाव हातात घावलं का कोनी कायबी करू शकते," हे त्यांचं तत्त्वज्ञान. फोटोचंही तसंच. फोटोवाल्याकडे आपला चेहरा राहतो, तो त्याचं काय करील याची खात्री काय? म्हणून त्या घरात देवांचे फोटो होते, माणसांचा एकही नव्हता.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. ती मला काकींनीच सांगितली, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता. त्यांच्या माहेराहून तार आली होती, आई अत्यवस्थ, लगेच निघा. शेठांनी तार उजेडात धरली. साळ्याचा काही डाव असेल, शेतीच्या वाटणीत बहिणीचा अंगठा हवा असेल, असा त्यांना संशय आला. त्यांनी उलट तार करून विचारलं, अत्यवस्थ म्हणजे किती? त्याचं उत्तर आलं, ते आई गेल्याचं. "मी पोचली तं राख थंडी झाली होती बाई," एवढंच काकी म्हणाल्या आणि सुपातला खडा बाजूला काढला.

मग ते विमान आलं.

एका खत कंपनीने जिल्ह्यात सर्वांत जास्त पोती खपवणाऱ्या दुकानदारांना बायकोसकट काश्मीरची सहल जाहीर केली. दिल्लीपर्यंत रेल्वे, दिल्लीहून श्रीनगर विमानाने, येताना बस आणि रेल्वे. आमच्या भागातून नंबर लागला शेठांचा. पत्र आलं तेव्हा ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"मास्तरीनबाई, वाचा."

मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर विचारलं, "यात कंपनीचा फायदा काय?"

"तुम्ही खूश झालात की आणखी पोती विकाल."

"मी खूश नाई झालो तरी विकतोच ना जी? मंग इमान कायले?"

आठ दिवस ते जायला तयार नव्हते. नवव्या दिवशी अचानक तयार झाले. कारण विचारलं तर म्हणाले, "मी नाई गेलो तं माह्या नावावर दुसराच कोनी जाईन." आयुष्यातली पहिली आणि शेवटची विमानयात्रा त्यांनी अशी निव्वळ संशयापोटी केली.

परत आल्यावर मात्र माणूस पार बदलला होता. दुकानाच्या गादीवर बसून ते विमानाची हकीकत सांगू लागले, आणि थांबेचनात. ज्यांनी जन्मात कुणाला दोन वाक्यांहून जास्त सांगितलं नाही, ते युरियाच्या एका पोत्यामागे अर्धा तास विमान सांगायचे. दारातच एक बाई हात जोडून उभी असते. ओळखदेख नसताना ती आपल्याला नमस्कार कायले करते, असा संशय येऊन शेठांनी तिला विचारलं, "डायवर झोपला होता का नाई काल? जेवला का?" एसटीत चढतानाही ते ड्रायव्हरचे डोळे बघून घ्यायचे, इथे तो दारामागे बंद. ती बाई हसली. ती हसली म्हणजे तो झोपला नसणार, असं शेठांनी ताडलं.

मग खुर्ची. शेठांनी बसण्याआधी तिच्यात अंगठा रुतवून पाहिला. आत काथ्या नाही, कापूस नाही, अंगठा काढला की खळगा आपोआप भरून येतो. खुर्चीच्या हाताला एक बटण, ते दाबलं की पाठ मागे कलते. शेठांनी ते दाबलं नाही. कललेल्या माणसाला मागचा काय करतो ते दिसत नाही. पुढच्या खुर्चीच्या पाठीतून जेवायचा पाट निघतो. डोक्यावर एक भोक, त्यातून गार वारा येतो. त्यात काय मिसळलंय कोण जाणे, म्हणून शेठांनी त्याच्यावर टोपी धरली. कमरेला पट्टा. "आपल्याले बांधून टाकते जी! बैल बांधतो तसा." मग एका ताटलीत गोळ्या आणि कापूस. कापूस कानात घालायचा, गोळी चघळायची. ओकारी झाली तर कोरी करकरीत कागदी पिशवी, तीही प्रत्येकाला वेगळी.

"अन् खिडकी?" कोणी तरी विचारायचंच.

इथे शेठांचा आवाज बदलायचा. "खिडकी इवलीशी. पन त्यातून खाली पाहा तं ढग. वरते नाई, खाली! अन् मंग बरफाचे डोंगर. पांढरेफेक. रांगच्या रांग. धानाच्या गंज्या लावल्या अशा. मी घाट पाह्यले, तलाव पाह्यले, पन असा..." पुढे त्यांना शब्द सापडायचा नाही. डोळे भरून यायचे. मी त्या घरात चार वर्षं राहिले, पण डोमाजी शेठांचे डोळे दुसऱ्या कशाने भरलेले पाहिले नाहीत.

पहिले आठ दिवस लोकांनी ऐकलं. मग शंकेची पाल चुकचुकली. ती पहिल्यांदा चुकचुकली दुकानासमोरच्या नत्थू पानठेलेवाल्याच्या मनात. त्याने बाजाराच्या दिवशी, दुकान भरलेलं असताना, चुना लावता लावता विचारलं, "शेठ, तिकीट दाखवा ना जी."

तिकीट? त्यावर नाव होतं. ते श्रीनगरला उतरल्याबरोबर चार तुकडे होऊन मुक्कामाच्या हॉटेलच्या शेगडीत गेलं होतं.

"मंग फोटो?"

फोटो होता. कंपनीने पाठवला होता. विमानाच्या जिन्यावर वीस-बावीस दुकानदार आपापल्या बायकांसह उभे, सगळ्यांचे दात दिसताहेत. मधल्या पायरीवर एका धिप्पाड माणसामागून फक्त एक गांधी टोपी वर आलेली. शेठ तेवढेच. काकी तर फोटोतच नव्हत्या. त्यांना खाली पिशव्या राखायला उभं केलं होतं.

"टोपी तं माह्यापाशीबी हाये," नत्थू म्हणाला, आणि दुकान हसून लोळलं.

शेठ चिडले. म्हणाले, कंपनीच्या साहेबाला विचारा. लोक म्हणाले, तुम्ही साहेबाचाच माल विकता, तो नाही कसं म्हणेल? एक म्हातारा शेतकरी तर सरळ म्हणाला, "शेठ, तुमीच शिकवले ना जी आमाले? वरचा माल पाहून पोता घेऊ नाई."

मला हे सांगायला संकोच वाटतो, पण माझाही विश्वास नव्हता. मी तोवर विमान आतून पाहिलेलं नव्हतं. पण आपण शिकलेले आहोत, खोटं पकडता येतं, असा मला गर्व होता. मी आडून आडून प्रश्न विचारले. विमानाला चाकं किती? शेठ म्हणाले, "मोजायले खाली वाकलो तं पोलिसानं हाकललं." खरं बोलणारा माणूस असंच उत्तर देतो, हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, वा, काय सफाईने टाळलं.

बघता बघता थट्टा महाग पडू लागली. पेरणी तोंडावर आली होती. धानाचं बी पोत्यात परखी घालून कळत नाही. ते उगवेल की नाही हे पेरल्यावरच दिसतं. तोवर शेतकऱ्याजवळ असतो तो दुकानदाराचा शब्द. आणि आता नत्थूच्या ठेल्यावर लोक म्हणू लागले, की जो विमानात बसल्याचं खोटं सांगतो तो बियाण्याचं खरं कशावरून सांगेल? बंड्या शेठांच्या दुकानापुढून न थांबता तुमसरच्या दुकानांच्या रस्त्याला लागू लागल्या. तीस वर्षांत ज्यांच्या बियाण्याचा एक दाणा खोटा निघाला नव्हता, ते गादीवर एकटे बसू लागले.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी त्यांनी पुन्हा लोक जमलेले पाहिले आणि आत हाक मारली, "अवो, बाहीर ये! सांग या लोकायले. आपन इमानात बसलो का नाई?"

काकी पदराला हात पुसत दारात आल्या. मी ओसरीवर वह्या तपासत होते. नत्थूचा चुन्याचा हात हवेत तसाच. काकींनी सगळ्यांकडे पाहिलं, मग शेठांकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "मी नाई बसली बाप्पा इमानात."

आणि आत गेल्या.

लोक हसले, मांडीवर थापा मारून हसले. शेठ हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यांनी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आयुष्यभर शोधली ती लबाडी त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हती. मला तिथे पहिल्यांदा कळलं, की हा माणूस खरं बोलतो आहे.

मी काकींच्या मागे स्वयंपाकघरात गेले. रागानेच गेले. "काकी, काहून असं बोललात? तुम्ही बसला होतात ना?"

त्या चुलीत फुंकर मारत होत्या. डोळ्यांतलं पाणी धुराचं होतं की कशाचं ते मी विचारलं नाही.

"खिडकीत मले बसोलं," त्या म्हणाल्या. "काहून, तं काच फुटली तं आधी मी जाईन. गोळी मले खायले लावली. कापूस मले घालाले लावला. मंग दहा मिनटं माह्या तोंडाकडे पाहत बसले. मी मरत नाई ना, हे पाहून मंग त्यायनं खाल्ली. मी काई बोलली नाई. मनात म्हनलं, जाऊ दे, खिडकी तं भेटली. खाली दिल्ली दिसत होती बाई, रांगोळी काढली अशी. अन् तेवढ्यात तिकडून कोनी तरी म्हनलं, डोंगर आले, डोंगर आले. तं हे म्हनते, सरक."

"मग?"

"सरकली. मंग मी काय पाह्यली? समोरच्या खुर्चीची पाठ. डोंगर मले ह्यायच्या तोंडूनच मालूम." त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "इमानात ते बसले बाई. मी काई बसली नाई. मी तं त्यायची परखी होती."

मी बाहेर आले तर शेठ दाराच्या आडोशाला उभे होते. किती वेळ उभे होते, कुणास ठाऊक. दाराआडून ऐकणं हा त्यांचा जुनाच स्वभाव. तीस वर्षांत त्यांनी दाराआडून पुष्कळ ऐकलं असेल, पण त्या दिवशी ऐकलेल्याची तपासणी कुठे करायची हे त्यांना सुचत नव्हतं. माझ्याकडे न बघता ते निघून गेले.

पुढच्या बाजाराला दुकानात चार माणसं होती, नत्थू धरून. मला वाटलं होतं शेठ आता गप्प बसतील. ते गादीवर उभे राहिले. हातात परखी नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

"आयका जी," ते म्हणाले. "घरची म्हनते ते खरा हाये. आमी इमानात नाई बसलो. मी लबाड बोललो."

एवढं बोलून खाली बसले आणि वजनकाट्याची साखळी सारखी करू लागले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. जो माणूस सासू अत्यवस्थ असल्याची तारसुद्धा उजेडात धरून तपासतो, त्याने बायकोचं धडधडीत खोटं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्याच्या विरुद्ध, भर दुकानात खरं म्हणून घेतलं होतं. तपासलं नाही, उजेडात धरलं नाही. आणि लोकांची गंमत बघा. खरं सांगत होता तोवर त्याला कोणी उभं केलं नाही. खोटी कबुली दिली तर म्हणाले, माणूस मनाचा सरळ आहे हो, चारचौघांत चूक मानतो. तो म्हातारा शेतकरी पहिला उठला आणि म्हणाला, "दोन पोते बी काढा, शेठ." बंड्या हळूहळू परतल्या.

आत काय झालं ते मला माहीत नाही. काकी त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "लबाड बोलले ते. माह्यासाठी बोलले." आणि पुन्हा म्हणाल्या, "लबाड बोलले बाई," जणू नवं लुगडं नेसलंय आणि ते कसं दिसतं ते त्या बघत होत्या. पण खरं सांगते, माझा संशय गेला नव्हता. डोमाजी शेठ व्यापारी होते. कबुलीने गिऱ्हाईक परत येतं, हे त्यांनी आधीच हेरलं नसेल कशावरून? एवढी वर्षं त्या घरात राहून मलाही दाणा चावून बघायची खोड लागली होती.

दोन वर्षांनी माझी लाखांदूरला बदली झाली. शेठ आणि काकी दोघं मला एसटी स्टँडवर पोचवायला आले. शेठांनी माझी ट्रंक उचलून पाहिली, कुलूप ओढून पाहिलं, येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचे डोळे पाहिले. मे महिन्याचं ऊन, झाडाखाली दहा-पंधरा माणसं, त्यांत नत्थू पानांची पाटी घेऊन. तेवढ्यात खूप वरून एक विमान गेलं. ते नेहमीच जायचं. सगळ्यांनी सवयीने माना वर केल्या. नत्थूने शेठांकडे बघून डोळा मिचकावला.

काकी कपाळावर हात धरून वर बघत होत्या. एकाएकी मोठ्याने म्हणाल्या, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा, "का जी, आपन बसलो होतो तो इमान याच्याएवढाच होता, का मोठा होता?"

नत्थूचा डोळा जागच्या जागी राहिला. शेठांनी काकींकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे छाती पुढे काढून सांगायला लागतील. दोन वर्षं दाबून ठेवलेले बर्फाचे डोंगर आता सुटतील.

"मले काय पुसतं?" शेठ म्हणाले. "खिडकीत तं तू होती. सांग ना तूच."

काकींनी कपाळावरचा हात खाली घेतला. मग माझ्याकडे वळल्या आणि सांगू लागल्या. ढग खाली होते बाई. बरफाचे डोंगर होते, पांढरेफेक, रांगच्या रांग. माणसं जवळ सरकली. सगळी शेठांचीच वाक्यं होती, मी ती पन्नास वेळा ऐकली होती. मग काकी म्हणाल्या, "अन् त्या बरफावरून आमच्या इमानाची सावली पळत होती. इवलीशी. आमच्या संगं संगं. डोंगरावर चढे, डोंगरावरून उतरे."

मी चमकले. ही सावली शेठांच्या हकिकतीत कधीच नव्हती. त्यांच्या खांद्यावरून वाकून काकींनी ती चोरून पाहिली होती, की त्या घटकेला तिथे उभ्या उभ्या मनाने घडवली होती? मी शेठांकडे पाहिलं. पाहिलेलं, न पाहिलेलं, खरं, खोटं, सगळं एका नजरेत पकडणारा माणूस. ते काकींकडे बघत होते, आणि काही विचारत नव्हते.

"होती," शेठ लोकांना म्हणाले. "सावली होती."